गुळगुळीत फळीची सूत्रे आणि खडबडीत जहाज

टर्ब्युलंट प्रवाहातील पृष्ठघर्षणाच्या गणिताचा आढावा

पाण्यातून सरळ ओढलेल्या सपाट फळीला किती विरोध होईल? फळी प्रवाहाला समांतर आहे, धार पातळ आहे, पृष्ठ गुळगुळीत आहे, लाटा नाहीत आणि दाबात चढउतार नाही. द्रवगतिशास्त्रात याहून साधी मांडणी क्वचितच सापडेल. तरीही प्रवाह टर्ब्युलंट, म्हणजे घुसळता, असला की निव्वळ गतिनियमांतून काढलेले, कागदावर मांडता येईल असे उत्तर आजही कुणाजवळ नाही. वापरात असलेली सगळी सूत्रे अर्धी तर्कावर आणि अर्धी मोजमापावर उभी आहेत.

प्रश्न मात्र अजिबात पुस्तकी नाही. संथ चालणाऱ्या मोठ्या मालवाहू जहाजाच्या एकूण विरोधात सर्वांत मोठा वाटा पृष्ठघर्षणाचा असतो. प्रवासी विमानाच्या उंचीवरच्या स्थिर उड्डाणात जवळजवळ निम्मा विरोध घर्षणाचा असतो. इंजिन किती ताकदीचे घ्यायचे आणि इंधन किती जळणार, हे दोन्ही या आकड्यावर अवलंबून आहे.

दीडशे वर्षांच्या या कामाकडे एकत्र पाहिले तर एक गोष्ट दिसते. गुळगुळीत फळीचा प्रश्न व्यवहारापुरता सुटलेला आहे आणि वाद उरला आहे तो थोड्या टक्क्यांचा. हिशेब खरा चुकतो तो तीन ठिकाणी: सूत्र त्याच्या पल्ल्याबाहेर वापरले जाते, प्रवाह कुठून टर्ब्युलंट झाला हे न पाहता गृहीत धरले जाते, आणि नसलेला गुळगुळीतपणा पृष्ठाला बहाल केला जातो.

फ्रूडच्या फळ्या

विल्यम फ्रूड या इंग्लिश अभियंत्याने १८७०च्या दशकाच्या सुरुवातीला टॉर्की येथे आपल्या घराजवळ २७८ फूट लांबीची टाकी बांधली आणि तीत पातळ फळ्या उभ्या बुडवून ओढल्या. फळ्यांची लांबी २ फुटांपासून ५० फुटांपर्यंत होती. कुणावर वार्निश, कुणावर कथलाचा वर्ख, कुणावर कापड, तर कुणावर वाळू चिकटवलेली. मिनिटाला ६०० फूट वेगाने ओढलेल्या वार्निशच्या २ फुटी फळीवर दर चौरस फुटाला सरासरी ०.४१ पौंड घर्षण आले, तर ५० फुटी फळीवर ०.२५ पौंड. वाळूच्या लांब फळ्यांवर घर्षण वार्निशच्या जवळपास दुप्पट होते.

लांब फळीवर दर चौरस फुटाचे घर्षण कमी का, याचे फ्रूडने दिलेले कारण आजही तसेच सांगता येते. फळीचा पुढचा भाग शेजारच्या पाण्याला आपल्यासोबत ओढतो. मागच्या भागाला भेटणारे पाणी आधीच चालते झालेले असते, त्यामुळे फळी आणि पाणी यांच्या वेगांतला फरक तिथे कमी असतो. आजच्या सूत्राने हाच हिशेब केला तर २ फुटी फळीला ०.४१ आणि ५० फुटी फळीला ०.२३ पौंड येतात. सीमास्तर ही कल्पनाच नसताना घेतलेली ही मोजमापे आहेत.

सुटलेला भाग

१८८३ साली ऑस्बर्न रेनॉल्ड्सने मँचेस्टरमध्ये काचेच्या नळीत रंगाची रेघ सोडून प्रवाहाच्या दोन तऱ्हा दाखवल्या. एकीत, म्हणजे लॅमिनार प्रवाहात, रेघ सरळ राहते; दुसरीत, म्हणजे टर्ब्युलंट प्रवाहात, विस्कटून सगळ्या नळीभर पसरते. कोणती तऱ्हा असेल हे वेग गुणिले लांबी भागिले श्यानता या एका संख्येवर ठरते. तिलाच पुढे रेनॉल्ड्स अंक म्हणू लागले.

१९०४ साली हायडेलबर्गच्या गणित परिषदेत लुडविग प्रांटल यांनी सीमास्तराची कल्पना मांडली. श्यानतेचा परिणाम पृष्ठालगतच्या पातळ थरापुरता धरायचा, बाहेरचा प्रवाह घर्षणरहित मानायचा. त्यांचे विद्यार्थी ब्लासियस यांनी १९०८ साली लॅमिनार प्रवाहासाठी हे समीकरण सोडवले. दर क्षेत्रफळाच्या घर्षणाला अर्धी घनता गुणिले वेगाचा वर्ग याने भागले की घर्षणगुणांक मिळतो; त्याची सरासरी किंमत आली १.३२८ भागिले रेनॉल्ड्स अंकाचे वर्गमूळ. यातला आकडा समीकरणातूनच येतो, प्रयोगाकडून काही उसने घ्यावे लागत नाही. लॅमिनार फळीचा प्रश्न तिथेच मिटला.

टर्ब्युलंट प्रवाहाला ही सोय नाही. रेनॉल्ड्सने १८९५ साली वेगाचे सरासरी आणि चढउतार असे दोन भाग पाडून समीकरणांची सरासरी घेतली, तेव्हा चढउतारांच्या गुणाकाराचे नवे ताण त्यांत उगवले. त्यांच्यासाठी नवी समीकरणे लिहिली की आणखी नवी अज्ञाते येतात. अज्ञातांची संख्या समीकरणांच्या कायम पुढे राहते, म्हणून कुठेतरी मोजमापाचा आधार घ्यावाच लागतो. या विषयाचा पुढचा सगळा इतिहास म्हणजे तो आधार कुठे आणि किती घ्यायचा याचा इतिहास आहे.

नळीकडून उसनवारी

पहिला आधार नळीचा मिळाला. फळीपेक्षा नळीतले घर्षण मोजणे फार सोपे, कारण दोन ठिकाणचा दाब मोजला की ते निघते. ब्लासियस यांनी १९१३ साली गुळगुळीत नळ्यांसाठी सूत्र दिले होते. त्यावरून नळीतला वेग भिंतीपासूनच्या अंतराच्या एक-सप्तमांश घाताप्रमाणे वाढतो असे निघते. फळीवरही वेग असाच वाढतो असे प्रांटल आणि थिओडोर फॉन कारमान यांनी धरले.

त्याला कारमान यांच्या १९२१च्या संवेग-समीकरणाची जोड मिळाली. त्याचा आशय सरळ आहे. फळीवर आतापर्यंत जेवढे घर्षण झाले, तेवढाच संवेग सीमास्तरातून वाहणाऱ्या द्रवाने गमावलेला असणार. म्हणून आतल्या बारीक घुसळणीचा तपशील माहीत नसला तरी वेगाच्या आलेखाचा आकार ठाऊक असेल तर घर्षण काढता येते. या दोन गोष्टींतून सूत्र आले: ०.०७४ भागिले रेनॉल्ड्स अंकाचा एक-पंचमांश घात. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना आजही आधी हेच शिकवतात. साधे आहे, कॅल्क्युलेटरवर क्षणात होते. फक्त त्याचा पल्ला साधारण ५ लाख ते १ कोटी एवढाच आहे, ही अट परीक्षेनंतर विसरली जाते.

लॉगॅरिथमचा नियम

१९३०च्या आसपास कारमान आणि प्रांटल यांनी घातसूत्र सोडून लॉगॅरिथम धरला. मागचा युक्तिवाद मिलिकन यांनी १९३८ साली सर्वांत स्वच्छ मांडला. भिंतीच्या अगदी जवळ वेग ठरतो तो भिंतीवरचा ताण आणि श्यानता यांवरून. फळी किती लांब आहे याची तिथे खबर नसते. थराच्या बाहेरच्या भागात ठरतो तो थराच्या जाडीवरून, आणि तिथे श्यानतेला किंमत नसते. मधल्या पट्ट्यात दोन्ही वर्णने एकाच वेळी खरी असायला हवीत. ही अट पुरी करणारे फलन एकच, लॉगॅरिथम. त्याचा उतार ठरवणाऱ्या आकड्याला कारमान स्थिरांक म्हणतात. त्याची रूढ किंमत ०.४० किंवा ०.४१. ती मात्र तर्कातून येत नाही, मोजावीच लागते.

या नियमावर दोन सूत्रे उभी राहिली. अमेरिकेतील शोनहेर यांच्या १९३२च्या सूत्रात घर्षणगुणांक समीकरणाच्या दोन्ही बाजूंना असल्याने अंदाज घेत घेत सोडवावे लागते. प्रांटल आणि श्लिख्टिंग यांचे सूत्र सरळ आहे: ०.४५५ भागिले रेनॉल्ड्स अंकाच्या दशमान लॉगॅरिथमचा २.५८वा घात.

१९५७ साली माद्रिदला भरलेल्या आंतरराष्ट्रीय टोइंग टँक परिषदेने, म्हणजे आयटीटीसीने, आणखी सुटसुटीत रेषा ठरवली. रेनॉल्ड्स अंकाच्या दशमान लॉगॅरिथममधून २ वजा करा, उत्तराचा वर्ग करा आणि त्याने ०.०७५ला भागा. जगभरच्या जहाज-चाचणी टाक्या आजही हीच रेषा वापरतात. परिषदेने तिला सपाट फळीचे सूत्र म्हटलेले नाही. छोट्या प्रतिकृतीवरून मोठ्या जहाजाकडे जाताना सर्वांनी एकच रेषा वापरावी म्हणून केलेला तो करार आहे. भौतिकीचा नियम म्हणून तिचा दाखला दिला जातो तेव्हा एवढे ध्यानात असावे.

एका जहाजाचा हिशेब

२०० मीटर लांबीचे जहाज घेऊ. वेग १५ नॉट, म्हणजे सेकंदाला ७.७२ मीटर. ओले क्षेत्रफळ ८,००० चौरस मीटर धरू आणि समुद्राचे पाणी १५ अंश सेल्सिअसचे. रेनॉल्ड्स अंक येतो सुमारे १३० कोटी. याच जहाजाची पंचविसाव्या हिश्श्याची ८ मीटरची प्रतिकृती गोड्या पाण्याच्या टाकीत ओढली, तर लाटांचा मेळ बसवण्यासाठी तिचा वेग सेकंदाला १.५४ मीटर ठेवावा लागतो. तिचा रेनॉल्ड्स अंक सुमारे १ कोटी ८ लाख.

प्रतिकृतीसाठी एक-पंचमांश घाताचे सूत्र ०.००२९० देते, शोनहेरही ०.००२९०, आयटीटीसी ०.००२९६ आणि प्रांटल-श्लिख्टिंग ०.००२९७. फरक अडीच टक्क्यांच्या आत. कोणतेही उचला.

आता जहाज. आयटीटीसी ०.००१४८, शोनहेर ०.००१४८, प्रांटल-श्लिख्टिंग ०.००१५२. फ्रँक व्हाइट यांच्या पाठ्यपुस्तकातले लॉग-सूत्र ०.००१५८ देते. एक-पंचमांश घाताचे सूत्र मात्र ०.००१११वर घसरते. आयटीटीसीच्या आकड्याने घर्षणबल सुमारे ३६२ किलोन्यूटन आणि ते पेलायला २.८ मेगावॅट लागतात. एक-पंचमांश घाताने हेच २७२ किलोन्यूटन आणि २.१ मेगावॅट दिसतात. टाकीत बिनचूक ठरलेले सूत्र समुद्रावर गेल्यावर ७०० किलोवॅट गिळून बसते. गणित चुकलेले नसते, पल्ला ओलांडलेला असतो.

आणखी एक गोष्ट या आकड्यांत आहे. प्रतिकृतीचा घर्षणगुणांक जहाजाच्या दुप्पट आहे. म्हणून प्रतिकृतीचा एकूण विरोध नुसता मोठा करून जहाजाला लावता येत नाही. घर्षण वेगळे काढून, उरलेला भाग मोठा करून, जहाजाचे घर्षण पुन्हा मिळवावे लागते. ही वाटणी फ्रूडचीच. १९५४ साली ह्यूजेस यांनी जहाजाच्या फुगीर आकारासाठी तीत गुणक घातला.

प्रवाह कुठून टर्ब्युलंट झाला?

फळीच्या टोकापासून काही अंतर प्रवाह लॅमिनार असतो. ५ लाख रेनॉल्ड्स अंकाला लॅमिनार फळीचा सरासरी गुणांक ०.००१९ येतो, पूर्ण टर्ब्युलंट फळीचा ०.००५४. जवळजवळ तिप्पट. जहाजाच्या लांबीत हा सुरुवातीचा तुकडा नगण्य असतो. प्रतिकृती, छोटे विमान किंवा टर्बाइनचे पाते यांच्यात मात्र निकाल त्यावरच फिरतो. म्हणून टाकीतल्या प्रतिकृतीच्या नाळेजवळ बारीक खुंट्या, तार किंवा वाळूचा पट्टा लावून प्रवाह मुद्दाम टर्ब्युलंट करतात.

लॅमिनार आणि टर्ब्युलंट यांच्या मधल्या पट्ट्यावरचे भक्कम काम बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत झाले. लॅमिनार प्रवाहात टर्ब्युलंट ठिपके उमटतात आणि पसरत जातात, हे एमन्स यांनी १९५१ साली दाखवले होते. सतीश धवन आणि रोद्दम नरसिंह यांनी १९५८च्या निबंधात त्यावरून मधल्या पट्ट्यातले घर्षण काढण्याची रीत दिली. एखाद्या जागी प्रवाह किती टक्के वेळ टर्ब्युलंट असतो ते पाहायचे आणि त्या प्रमाणात दोन्ही घर्षणांची सरासरी घ्यायची. टर्बाइनच्या आराखड्यांत या रीतीचा आधार अजून घेतात.

मोजायचे कसे

सूत्र तपासायचे तर घर्षण थेट मोजायला हवे, आणि ते भलतेच किचकट आहे. फळीचा एक छोटा तुकडा सुटा करायचा, भोवती केसाएवढी फट ठेवायची आणि प्रवाह त्याला किती ढकलतो ते मोजायचे. तुकडा किंचित वर आला किंवा खाली गेला, तरी मोजमाप बिघडते. शुल्ट्झ-ग्रुनोव्ह यांनी १९४० साली जर्मनीत असे प्रयोग केले. धवन यांचे कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील डॉक्टरेटचे काम हेच. सुट्या तुकड्याने त्यांनी ध्वनीपेक्षा कमी आणि जास्त अशा दोन्ही वेगांना घर्षण मोजले. १९५३ साली ते अमेरिकेच्या नॅका या संस्थेचा अहवाल म्हणून छापून आले. पुढे इस्रोचे अध्यक्ष झालेल्या धवन यांची या क्षेत्रातली पहिली ओळख ही.

दुसरा रस्ता आडवळणाचा. क्लाउझर यांच्या १९५४च्या रीतीत वेगाचा आलेख मोजून तो लॉग-नियमावर बसवतात आणि त्यातून घर्षण वाचतात. पृष्ठावर टेकवून दाब मोजणारी प्रेस्टन यांची त्याच वर्षीची नळीही लॉग-नियमावर विसंबून आहे. सोय मोठी, पण यात वर्तुळ आहे. ज्या नियमाची परीक्षा घ्यायची, तोच आधी खरा धरावा लागतो. पृष्ठावर टाकलेला तेलाचा थेंब प्रवाहाखाली किती वेगाने पातळ होतो, हे प्रकाशाच्या पट्ट्यांवरून मोजण्याची पद्धत पुढे पक्की झाली, तेव्हा हे वर्तुळ तुटले.

स्थिरांकाचा वाद

मग जुन्या आकड्यावर शंका सुरू झाल्या. स्टॉकहोमच्या केटीएच संस्थेत ऑस्टरलुंड यांनी तेलाच्या पद्धतीने घर्षण वेगळे मोजले, तेव्हा कारमान स्थिरांक ०.३८ आला. प्रिन्स्टनच्या उच्चदाबाच्या नळीतून, ‘सुपरपाइप’मधून, आधी ०.४३६ आणि सुधारणांनंतर ०.४२१ आला. नगीब आणि चौहान यांनी फळीच्या सीमास्तरासाठी ०.३८४ सुचवला. नळी आणि फळी यांचा स्थिरांक एकच आहे का, हा मूळ प्रश्न आहे. लॉगॅरिथमऐवजी घातसूत्रच खरे, अशी बाजू बारेनब्लाट यांनी १९९०च्या दशकात लढवली. तिचे समर्थक आज थोडे आहेत, पण त्या वादाने प्रयोगकर्त्यांना आपली उपकरणे पुन्हा तपासायला लावली.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील शिवसाई दीक्षित आणि सहकाऱ्यांनी २०२० साली वेगळी वाट घेतली. बाहेरचा वेग आणि फळीची लांबी यांऐवजी सीमास्तरातून वाहणारा संवेग हेच माप धरायचे आणि घर्षण त्यात मांडायचे. लॉग-नियमातल्या वादग्रस्त आकड्यांवर कमी विसंबणारी अशी मांडणी हवामानशास्त्राच्या संस्थेतून येणे स्वाभाविक आहे. जमिनीवरून वाहणारा वाराही शेवटी एक प्रचंड सीमास्तरच आहे.

संगणकाने काय बदलले

चढउतारांसकट सगळा प्रवाह संगणकावर सोडवायचे काम १९८७ साली किम, मोइन आणि मोझर यांनी दोन समांतर भिंतींमधल्या प्रवाहासाठी केले. त्यांच्या गणितात भिंतीपासून मध्यापर्यंतचे अंतर श्यानता आणि भिंतीवरचा ताण यांवरून ठरणाऱ्या लांबीच्या मापाने १८० एकके होते. ली आणि मोझर यांनी २०१५ साली ते ५,२००पर्यंत नेले. आपल्या जहाजाच्या मागच्या टोकाला सीमास्तर सुमारे दीड मीटर जाड असतो आणि श्यानतेचे एकक असते ६ मायक्रॉन. म्हणजे सुमारे अडीच लाख एकके. मजल अजून लांब आहे.

रोजच्या कामात म्हणून टर्ब्युलन्सची मॉडेले वापरतात: के-एप्सिलॉन, स्पालार्ट-अल्मारास, मेंटर यांचे एसएसटी. सीएफडी, म्हणजे संगणकीय द्रवगतिशास्त्र, शिकणाऱ्याला पहिला धडा मिळतो तो ‘वाय-प्लस’चा, म्हणजे भिंतीजवळची पहिली जाळी एका एककाएवढी पातळ ठेव. जहाजासाठी ती ६ मायक्रॉनची झाली. न परवडल्यास जाळी ३० एककांपलीकडे ठेवून मधली जागा लॉग-नियमाने भरून काढतात, त्याला वॉल फंक्शन म्हणतात. या सगळ्या मॉडेलांतले आकडे बसवताना सपाट फळीचे घर्षण बरोबर यावे हेही पाहिलेले असते. तेव्हा सॉफ्टवेअरने फळीचे उत्तर बरोबर दिले यात नवल नाही. तिथेच चुकले, तर जाळी वापरणाऱ्याने नीट घातलेली नाही एवढे खात्रीने कळते.

खडबडीतपणाची किंमत

निकुराड्से यांनी १९३३ साली नळ्यांना आतून ठरावीक जाडीची वाळू चिकटवून दाखवले की भिंतीवरचे कण श्यानतेच्या ५ एककांहून लहान असतील, तर प्रवाहाला ते जाणवत नाहीत. त्याहून मोठे झाले की घर्षण वाढू लागते, आणि सुमारे ७० एककांच्या पुढे ते श्यानतेवर अवलंबूनच राहत नाही.

आपल्या जहाजावर ५ एकके म्हणजे ०.०३ मिलिमीटर. आयटीटीसीची १९७८ची पद्धत नव्या जहाजाच्या रंगाचा खडबडीतपणा ०.१५ मिलिमीटर धरते. रंगाचा मोजलेला खडबडीतपणा आणि निकुराड्सेची वाळू ही दोन मापे एक नाहीत, त्यामुळे त्यांची थेट तुलना करता येत नाही. तरी समुद्रावरचे जहाज सूत्रातल्या फळीइतके गुळगुळीत कधीच नसते, हे उघड आहे. त्या पद्धतीच्या मूळ सूत्राने गुणांकात ०.०००३१ची भर पडते, म्हणजे २१ टक्के. २.८ मेगावॅटवर जवळजवळ ६०० किलोवॅट.

ही झाली गोदीतून नुकत्याच निघालेल्या जहाजाची गोष्ट. तळाला शेवाळ आणि शिंपल्यांचा थर चढला की हिशेब पार पालटतो. मायकेल शुल्ट्झ यांनी २००७ साली अमेरिकी नौदलाच्या फ्रिगेटसाठी केलेल्या गणितात शिंपल्यांचा जाड थर असताना १५ नॉटला लागणारी शक्ती ८६ टक्क्यांनी वाढते. अरबी समुद्रासारख्या उबदार पाण्यात हा थर बारा महिने वाढत राहतो. उलट्या दिशेने जाण्याचे प्रयत्नही आहेत. प्रवाहाच्या दिशेने सूक्ष्म खाचा पाडलेल्या पृष्ठाने प्रयोगशाळेत घर्षण ८ टक्क्यांपर्यंत घटते. लुफ्तान्सा टेक्निक आणि बीएएसएफ यांच्या अशा पापुद्र्याने बोइंग ७७७ मालवाहू विमानाची बचत मात्र १ टक्क्याच्या आसपास आहे.

काय वापरावे, काय उरले

प्रयोगशाळेतल्या छोट्या फळीसाठी एक-पंचमांश घाताचे सूत्र पुरे. १ कोटीच्या पुढे लॉग-सूत्रांतले कोणतेही घ्यावे आणि उत्तरात पाच-सात टक्के सोडावेत. जहाजाच्या चाचणीत आयटीटीसीचीच रेषा वापरावी, कारण तिथे सर्वांशी तुलना जुळणे अधिक महत्त्वाचे. ध्वनीहून वेगवान प्रवाहात तापमानाने घनता बदलते, तेव्हा व्हॅन ड्रीस्ट यांची १९५६ची दुरुस्ती लावावी.

उरलेला मोठा प्रश्न खडबडीतपणाचा आहे. एखादे पृष्ठ लेझरने स्कॅन करून, टाकीत न ओढता, त्याचे घर्षण सांगता येईल का? कणांची उंची पुरेशी नाही हे कळले आहे. कण किती दाट आहेत, उतार किती तीव्र आहेत, टेकाडे जास्त की खड्डे, हे सगळे मोजावे लागते, आणि सर्व पृष्ठांना लागू पडेल असे सूत्र अजून हाती नाही. कारमान स्थिरांक ०.३८ की ०.४१ याचा निकाल लागेल तेव्हा जहाजाच्या अंदाजात थोडे टक्के सुधारतील. तळाच्या रंगाचा आणि शिंपल्यांचा हिशेब नीट मांडता आला तर वीस ते ऐंशी टक्क्यांची गोष्ट आहे. संशोधनाचा पैसा आणि तरुणांची वर्षे या दुसऱ्या कामावर खर्च होणे अधिक शहाणपणाचे.